ॲलिस मॅगॉ

ॲलिस मॅगॉ (१८६०–१९२८) या शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णास भूल देणाऱ्या ख्यातनाम अमेरिकी परिचारिका होत्या. शल्यविशारद चार्ल्स मेयो यांनी त्यांना भूलशास्त्राची जननी असे संबोधले.

शिकागो येथे परिचर्येचे शिक्षण घेतल्यावर त्या मिनेसोटा राज्यातील रॉचेस्टरच्या सेंट मेरीज रुग्णालयात दाखल झाल्या. तेथे भूल देणाऱ्या एडिथ ग्रॅहम यांचा १८९३ साली चार्ल्स मेयो यांच्याशी विवाह झाला आणि ते काम मॅगॉ यांच्याकडे आले.

त्या काळी ईथर किंवा क्लोरोफॉर्म एकदम व भरपूर हुंगवून रुग्णास लवकर बेशुद्ध करण्याकडे कल असे. त्यात रुग्ण गुदमरे, धडपडे; प्रसंगी दगावेही. मॅगॉ मुखवट्यावरील जाळीदार कापडावर ईथरचे थेंब सावकाश सोडत आणि त्याच वेळी रुग्णाशी धीराने बोलत राहत. रुग्ण निर्धास्त असला तर भुलीचे औषध कमी पुरते, असा त्यांचा अनुभव होता. श्वास, नाडी व चेहऱ्याचा रंग यांवर त्यांची सतत नजर असे. नजर ठेवण्यास आजच्यासारखी यंत्रे नव्हतीच. १९०६ साली त्यांनी चौदा हजारांहून अधिक प्रसंगांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यांत भुलीमुळे एकही मृत्यू झाला नव्हता.

१९०८ साली डॉ. जॉर्ज केसेल यांच्याशी विवाह झाल्यावर त्यांनी रॉचेस्टर सोडले.

परिचारिकांनी भूल द्यावी काय, हा वाद मात्र त्यांच्या कामगिरीने मिटला नाही. अनेक डॉक्टरांच्या मते तो वैद्यकीचा बेकायदा व्यवसाय होता. केंटकीच्या अपील न्यायालयाने १९१७ साली, तर कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९३६ साली परिचारिकांच्या बाजूने निर्णय दिला. भारतात ही प्रथा रुजली नाही. जळगाव-धुळ्यापासून मुंबईपर्यंत ही जबाबदारी डॉक्टरांकडेच आहे.

ईथर स्वतःच वेदनाशामक असल्याने मॅगॉ यांची पद्धत अफूवर्गीय औषधांवर उभी नव्हती. १९६० मध्ये तयार झालेल्या फेंटानिलनंतर मात्र ही औषधे भुलीचा नित्याचा भाग बनली. मळमळ, मंदावणारा श्वास आणि व्यसनाचा धोका यांमुळे आता केटामाइन, लिडोकेन, डेक्समेडेटोमिडीन व चेतातंतू बधिर करणारी इंजेक्शने वापरून अफूविरहित भूल देण्याचे प्रयत्न होतात. अमेरिकेतील परिचारिका-भूलतज्ज्ञही त्यांत आहेत. जुनी सवय आणि प्रशिक्षणाचा अभाव या अडचणी आहेतच. पण शंका निराधारही नाहीत. डेक्समेडेटोमिडीनने हृदयगती धोकादायकरीत्या मंदावल्याने फ्रान्समधील एक चाचणी मुदतीपूर्वी थांबवावी लागली.