रखमाबाईंचे न मोडलेले लग्न

मुंबई हायकोर्टाने ४ मार्च १८८७ रोजी बावीस वर्षांच्या रखमाबाईंना हुकूम दिला. महिन्याभरात नवऱ्याच्या घरी नांदायला जायचे, नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाईंनी तुरुंगात जायची तयारी दाखवली.

लग्न झाले तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या आणि दादाजी भिकाजी एकोणीस. वडील लहानपणीच वारलेले. आईने डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला होता. सुतार समाजात त्याला मोकळीक होती. दादाजींनी घरजावई म्हणून राहून शिकायचे, असे ठरले होते. त्यांनी शिक्षण सोडले आणि मामाचे घर गाठले. इकडे रखमाबाई घरी वाचून शहाण्या होत होत्या. त्या सासरी कधीच नांदल्या नाहीत.

दाव्याचा पहिला निकाल १८८५ मध्ये न्या. पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने दिला. जो संसार सुरूच झाला नाही, तो पुन्हा जोडून काय द्यायचा, असा त्यांचा सवाल होता. पुढच्याच वर्षी अपिलात तो निकाल फिरला. ‘केसरी’ही रखमाबाईंच्या विरोधात उभा राहिला.

गंमत म्हणावी की दुर्दैव, बायकोला नांदायला आणण्याचा हा दावा आपल्या धर्मशास्त्रातला नव्हताच. तो विलायती कायद्यातून आला होता. त्याच विलायतेत, बारा वर्षांच्या आत लग्न झालेल्या मुलीला ते वय गाठल्यावर लग्न नाकारता येत असे. ती वाट मात्र इथे आली नाही. हिंदू विवाह हा संस्कार. मुलीच्या संमतीचा प्रश्नच नव्हता.

अखेर १८८८ मध्ये दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन हक्क सोडला. मिटला तो दावा. लग्न कायम राहिले. दादाजींनी दुसरे लग्न केले. रखमाबाई लंडनला जाऊन १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या, सुरतेत आणि राजकोटला त्यांनी आयुष्य वेचले. १९०४ मध्ये दादाजी वारले, तेव्हा त्यांनी पांढरे लुगडे नेसले, असे सांगतात. कायद्याच्या लेखी त्या विधवाच झाल्या होत्या ना!

घटस्फोटाने झालेले लग्न संपते. विवाह रद्द ठरवताना न्यायालय म्हणते की हे लग्न मुळातच धरायचे नाही. फसवून वा बळजबरीने संमती मिळवली असेल, तर अशी दाद मागण्याची सोय १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने केली. तो मे महिन्यात अमलात आला आणि २५ सप्टेंबरला, नव्वदी गाठलेल्या रखमाबाई गेल्या. बालविवाहासाठी थेट दार उघडले ते २००६ च्या कायद्याने. लहानपणी लग्न लावलेल्या मुलीला आता सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांपर्यंत, म्हणजे विसावे वर्ष पुरे होईतो, जिल्हा न्यायालयात अर्ज करता येतो. मुले झाली असली तरी ती औरस ठरतात.

हाच हिशेब रखमाबाईंना लावून पाहिला. दादाजींच्या वकिलांची नोटीस मार्च १८८४ मध्ये आली, तेव्हा त्या एकोणीस वर्षांच्या होत्या. अर्ज करायला हाती आठ महिने होते.