जामीन राहणारा बूटवाला

ओळख ना पाळख, अशा माणसासाठी तुम्ही कोर्टात जामीन राहाल? बोस्टनचा जॉन ऑगस्टस राहिला. एकदा नाही, जवळपास दोन हजार जणांसाठी!

त्याचा जन्म १७८५ चा, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातला. ना वकील, ना न्यायाधीश. धंदा बूट बनवण्याचा आणि ओढा दारूमुक्तीच्या चळवळीकडे. ऑगस्ट १८४१ मध्ये बोस्टनच्या पोलीस कोर्टात फाटक्या कपड्यांतल्या एका दारुड्याला आणलं होतं. तुरुंग जवळपास ठरलेला. वाचलो तर दारू सोडेन, असं तो म्हणाला. ऑगस्टसने विश्वास ठेवला आणि त्याला सोडवून नेलं. तीन आठवड्यांनी तोच माणूस परत आला, तेव्हा ओळखू येईना. न्यायाधीशांनी दंड केला फक्त १ सेंट, वर कोर्टाचा खर्च. तुरुंग टळला.

मग ऑगस्टसचं हेच काम झालं. पण ही भाबडी दया नव्हती बरं का! गुन्हा पहिलाच आहे का, वय किती, वागणूक कशी, संगत कोणाची, हे तो आधी तपासायचा. नंतर काम मिळवून द्यायचा, राहायची सोय बघायचा, कोर्टाला अहवाल द्यायचा आणि सगळ्याची नोंद ठेवायचा. १८५८ पर्यंत आकडा १,९४६ वर गेला. त्यातले पळाले अगदी मोजके.

तरी विरोध झालाच. आरोपी तुरुंगात पोहोचवला की अंमलदारांना पैसे मिळायचे, ते बुडू लागले. इकडे बुटांचा धंदाही बसला. १८५९ मध्ये ऑगस्टस गेला तेव्हा हाती फारसं काही उरलं नव्हतं.

त्याच्या मागे १८७८ मध्ये मॅसॅच्युसेट्सने प्रोबेशनचा कायदा केला. आज अमेरिकेतल्या अनेक राज्यांची न्यायालयं शिक्षा ठरवताना हा माणूस पुन्हा गुन्हा करण्याची शक्यता किती, हे ठरावीक निकषांवर तपासतात. ऑगस्टस तेच वहीत करत होता.

आपल्याकडे १९५८ चा प्रोबेशन कायदा आहे. आरोपी २१ वर्षांच्या आतला असेल आणि गुन्हा जन्मठेपेइतका गंभीर नसेल, तर कोर्टाने आधी प्रोबेशन अधिकाऱ्याचा अहवाल मागवायचा. तुरुंगातच का पाठवायचं, याची कारणं लिहून द्यायची. म्हणजे तुमच्याच वयाच्या कुणाची तरी पहिली चूक शेवटची ठरावी, याची सोय कायद्यात आहे. ती एका बूटवाल्याने सुरू केली, एवढं लक्षात ठेवा.