ग्राहकाच्या हाती पाना देणारे कॉलिन चॅपमन

१९५०च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमधील एखाद्या तरुण नोकरदाराने लोटस सेव्हन ही स्पोर्ट्स कार विकत घेतली, तर बहुधा ती त्याच्या दारात धावत येत नसे. तिचे सुटे भाग येत. पोलादी नळ्या जोडून केलेला सांगाडा, त्यावर रिव्हेटांनी बसवलेला ॲल्युमिनियमचा पत्रा, फोर्डच्या साध्या घरगुती मोटारीचे इंजिन, चाके, दिवे, वायरी आणि नट-बोल्टांची पुडकी. पुढचे काम खरेदीदाराचे. शनिवार-रविवारच्या सुट्ट्यांत, घराशेजारच्या गॅरेजमध्ये, एखाद्या मित्राच्या मदतीने तो इंजिन उचलून जागेवर बसवी, ब्रेकच्या नळ्या जोडी, वायरिंग ओढी आणि अखेर स्वतःच्या हातांनी उभी केलेली मोटार रस्त्यावर आणी. हा व्यवहार लोकप्रिय करणारे ब्रिटिश अभियंता अँथनी कॉलिन ब्रूस चॅपमन यांचे मोटारजगतातील पहिले पाऊलही अशाच एका गॅरेजमध्ये पडले होते.

चॅपमन यांचा जन्म १९ मे १९२८ रोजी लंडनलगतच्या रिचमंड येथे झाला. त्यांचे वडील उत्तर लंडनमधील हॉर्न्सी येथे ‘रेल्वे हॉटेल’ चालवत. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये अभियांत्रिकी शिकत असताना चॅपमन यांनी विद्यापीठाच्या हवाई पथकात विमान चालवण्याचे शिक्षण घेतले. त्याच काळात एका वर्गमित्रासह त्यांनी जुन्या मोटारींच्या खरेदी-विक्रीचा जोडधंदाही सुरू केला. महायुद्ध संपले होते, नव्या मोटारी मिळत नव्हत्या आणि जुन्या गाड्यांना चांगला भाव होता. मात्र १९४७ मध्ये ब्रिटिश सरकारने खासगी वाहनांसाठीचा पेट्रोलचा मूळ शिधा बंद केला आणि हा धंदा जवळपास एका रात्रीत बसला. साठा मिळेल त्या किमतीला विकावा लागला. एक जुनी ऑस्टिन सेव्हन तेवढी कोणी घेईना.

न विकली गेलेली हीच मोटार पुढच्या साऱ्या इतिहासाचे कारण ठरली. १९४८ मध्ये चॅपमन यांनी ती मोडून पुन्हा उभारायला घेतली. जागा होती त्यांची मैत्रीण आणि पुढे पत्नी झालेल्या हेझल विल्यम्स यांच्या आईवडिलांचे गॅरेज. ऑस्टिन सेव्हन ही त्या काळची गरिबांची मोटार. ७४७ घन सेंटीमीटरचे छोटे इंजिन, पातळ चौकट आणि सहज मिळणारे स्वस्त सुटे भाग यांमुळे घरच्या घरी फेरबदल करणाऱ्यांची ती आवडती होती. बहुतेक हौशी मंडळी जुने कवच काढून हलके कवच चढवत. चॅपमन यांनी वेगळा विचार केला. इमारतीचा भार कोणत्या भागावर कसा पडतो, हे शिकलेल्या विद्यार्थ्याने मोटारीकडेही त्याच नजरेने पाहिले. ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा चिकटवलेल्या प्लायवूडचे कवच त्यांनी असे बसवले की ते केवळ झाकण न राहता चौकटीला ताठपणा देऊ लागले. हेझलही पाना आणि हातोडी घेऊन या कामात होत्या. चिखलाचे चढ चढण्याच्या स्पर्धांसाठी तयार झालेल्या या गाडीची ‘ओएक्स ९२९२’ या क्रमांकाने नोंदणी झाली आणि तिला नाव मिळाले ‘लोटस’, म्हणजे कमळ. हे नाव का निवडले, याचा खुलासा चॅपमन यांनी कधीच केला नाही. त्यामुळे त्याविषयीच्या आख्यायिका मात्र अनेक झाल्या.

पदवीनंतर काही काळ हवाई दलात राहून चॅपमन ‘ब्रिटिश ॲल्युमिनियम’ कंपनीत नोकरीला लागले. दिवसा नोकरी आणि रात्री गॅरेज, असा हा क्रम कित्येक वर्षे चालला. याच काळातील एक करामत त्यांच्या स्वभावावर पुरेसा प्रकाश टाकते. ऑस्टिन सेव्हनवर आधारलेल्या गाड्यांच्या शर्यती ‘७५० मोटर क्लब’ भरवत असे. त्या इंजिनाला चार सिलिंडर, पण हवा आणि पेट्रोलचे मिश्रण आत घेण्यासाठी वाटा दोनच; प्रत्येक वाट दोन सिलिंडरांत विभागलेली. एक सिलिंडर श्वास घेताना शेजारचा त्याच्या वाट्याचे मिश्रण ओढून घेई आणि शक्ती वाया जाई. इंजिनाचा मूळ ठोकळा बदलण्याची मुभा नियमांत नव्हती. चॅपमन यांनी ठोकळ्याला हातच लावला नाही. त्यांनी प्रत्येक वाटेच्या मधोमध पातळ पत्र्याचा पडदा सरकवला आणि बाहेरून चार स्वतंत्र फाट्यांची नळी जोडली. आता प्रत्येक सिलिंडर आपापला श्वास घेऊ लागला. १९५१ च्या मोसमात त्यांच्या ‘मार्क ३’ गाडीने प्रतिस्पर्ध्यांना इतके मागे टाकले की पुढे क्लबला या युक्तीवर बंदी घालावी लागली. नियमाचे शब्द पाळायचे आणि त्याच्या फटीतून पुढे निघून जायचे, ही चॅपमन यांची पद्धत तेव्हापासून अखेरपर्यंत कायम राहिली. तिने त्यांना मोठेही केले आणि अडचणीतही आणले.

१ जानेवारी १९५२ रोजी ‘लोटस इंजिनीअरिंग’ सुरू झाली. कारखाना म्हणजे वडिलांच्या हॉटेलमागील जुने तबेले आणि भांडवल म्हणजे हेझल यांच्याकडून उसने घेतलेले २५ पौंड. पहिले विक्रीयोग्य उत्पादन ‘मार्क ६’ हे पूर्ण मोटार नव्हतेच. बारीक नळ्या त्रिकोणांत जोडून केलेला हलका, ताठ सांगाडा कंपनी देई. इंजिन, गिअरबॉक्स, आस हे भाग ग्राहकाने एखाद्या जुन्या फोर्डमधून काढून आणायचे. फोर्डचा पुढचा सरळ आस तर मधोमध कापून दोन स्वतंत्र झुलत्या बाहूंमध्ये रूपांतरित केला जाई. अशा सुमारे शंभर गाड्या तयार झाल्या आणि त्या आपल्याहून कितीतरी महागड्या मोटारींना शर्यतीत हरवू लागल्या.

१९५७ मध्ये आलेल्या सेव्हनने ही कल्पना आणखी सुटसुटीत केली. ब्रिटनमध्ये तेव्हा तयार मोटारीवर जबर खरेदी कर होता, सुट्या भागांवर मात्र तो नव्हता. करासह तयार सेव्हनची किंमत एक हजार पौंडांच्या वर जाई, तर सुट्या भागांचा संच जवळपास निम्म्या किमतीत पडे. अट एवढीच की जोडणी खरेदीदारानेच करायची आणि संचासोबत जोडणीच्या सूचना द्यायच्या नाहीत. यावर लोटसने मोटार सुटी कशी करावी याच्या सूचना दिल्या आणि ग्राहकांनी त्या शेवटून सुरुवातीकडे वाचल्या, ही हकिकत या मोटारीचे चाहते आजही रंगवून सांगतात. सेव्हनला दारे नव्हती, छत नावापुरते होते, वजन सुमारे ५०० किलो. पण तिच्यात दडवलेले असे काहीच नव्हते. ज्याने ती जोडली, त्याला तिचा प्रत्येक बोल्ट ओळखीचा असे आणि बिघाड झाल्यावर कोठे हात घालायचा हेही ठाऊक असे. कार्ब्युरेटर बदलणे, कॅमशाफ्ट बदलणे, पुढे ऐपत आल्यावर जास्त ताकदीचे इंजिन बसवणे, अशा पायऱ्यांनी कित्येकांची सेव्हन त्यांच्याबरोबर वाढत गेली.

१९६२ मधील एलान ही त्यामानाने सभ्य, आरामशीर मोटार होती, पण तीही संचाच्या रूपात मिळे. तिच्या मध्यभागी पाठीच्या कण्यासारखा एकच पोलादी पत्र्याचा सांगाडा आणि वर फायबरग्लासचे कवच होते. इंजिनाचा खालचा भाग फोर्डचा, त्यावर दोन कॅमशाफ्टचे लोटसचे हेड; पुढच्या सस्पेन्शनचे भाग ट्रायम्फच्या मोटारीतले. एलान वळणावर जशी वागे तशी त्या काळी फार थोड्या मोटारी वागत. मात्र तिने मालकांना कामालाही लावले. फायबरग्लासमधून वीज वाहत नसल्याने प्रत्येक दिव्याला अर्थिंगची वेगळी तार लागे. ती गंजली की दिवे मंद होत आणि दोष भलतीकडेच शोधला जाई. वर-खाली होणारे पुढचे दिवे निर्वात दाबावर चालत आणि त्यासाठीची टाकी म्हणून सांगाड्याची पुढची आडवी पोकळ तुळईच वापरली होती. एकाच भागाकडून दोन कामे करून घेण्याची ही खास चॅपमन शैली. पण ती तुळई आतून गंजली की दिवे डोळे मिटू लागत आणि सांगाडाही कमकुवत होई. सर्वांत त्रासाचा होता पाण्याचा पंप. तो इंजिनाच्या पुढच्या झाकणातच बसवलेला असल्याने एका छोट्या बेअरिंगसाठी अर्धे इंजिन उघडावे लागे. तरीही एलान जतन करणारी मंडळी हे सारे उत्साहाने करतात. जुना सांगाडा काढून गॅल्व्हनाइझ केलेला नवा सांगाडा बसवणे, हे त्यांच्यातील अनेकांनी स्वतःच्या गॅरेजमध्ये पार पाडलेले काम आहे.

शर्यतीच्या मैदानावर याच विचाराचे दुसरे टोक दिसले. वजन कमी करा, वेग आपोआप येईल, या सूत्रावर चॅपमन यांनी फॉर्म्युला वनचा चेहरा बदलला. १९६२ च्या ‘लोटस २५’ मध्ये त्यांनी नळ्यांचा सांगाडा सोडून विमानासारखे पत्र्याचे पोकळ कवच वापरले. जिम क्लार्क यांनी १९६३ आणि १९६५ मध्ये जगज्जेतेपद मिळवले. १९६५ मध्येच त्यांनी लोटसमधून अमेरिकेतील इंडियानापोलिस ५०० जिंकली. ग्रॅहम हिल, योखेन रिंट, एमर्सन फिटिपाल्डी आणि मारिओ आंद्रेटी हेही लोटसचे जगज्जेते. कंपनीला संघांचे जेतेपद सात वेळा मिळाले. विजय मिळाला की चॅपमन डोक्यावरची काळी टोपी हवेत भिरकावत.

मात्र हलकेपणाची किंमत चालकांनी मोजली. १९६० मध्ये बेल्जियममधील स्पा येथे सरावादरम्यान स्टर्लिंग मॉस यांच्या लोटसचे चाक निखळले आणि त्याच दिवशी माइक टेलर यांच्या लोटसचा स्टिअरिंगचा दांडा वेल्डिंगपाशी तुटला. दोघेही गंभीर जखमी झाले. टेलर यांनी लोटसवर दावा लावला आणि तो जिंकला. १९६८ मध्ये क्लार्क हॉकेनहाइम येथील फॉर्म्युला टू शर्यतीत मरण पावले. चॅपमन यांना तो वैयक्तिक आघात होता. १९६९ मध्ये स्पेनमध्ये उंच पंख मोडून हिल आणि रिंट या दोघांच्याही गाड्या आदळल्या. गाडी पुरेशी मजबूत नसल्याची तक्रार रिंट यांनी चॅपमन यांना लेखी कळवली होती. ५ सप्टेंबर १९७० रोजी मोंझा येथे सरावात रिंट यांच्या गाडीचा पुढच्या ब्रेकचा पोकळ दांडा तुटला आणि ते ठार झाले. त्या वर्षीचे जगज्जेतेपद त्यांना मरणोत्तर मिळाले. इटलीतील न्यायालयीन प्रक्रिया अनेक वर्षे चालून चॅपमन दोषमुक्त झाले. घरच्या गॅरेजमध्ये एखादा भाग पातळ करून पाहण्यात जी गंमत होती, ती ताशी ३०० किलोमीटरच्या जवळ जाताना उरत नाही. हा फरक चॅपमन यांना कळत नव्हता असे नव्हे. पण तो मानायला ते सहजी तयार नसत.

१ एप्रिल १९७३ पासून ब्रिटनमध्ये खरेदी कराऐवजी मूल्यवर्धित कर आला आणि संच विकत घेण्यातील बचत संपली. चॅपमन यांना आता महागड्या मोटारी करायच्या होत्या. सेव्हनचे हक्क त्याच वर्षी ‘केटरहॅम कार्स’कडे गेले. लोटस तोवर नॉरफॉकमधील हेथेल येथील जुन्या विमानतळावर स्थिरावली होती. मोटारीखालील हवेचा उपयोग करून तिला रस्त्याशी घट्ट धरून ठेवण्याचे तंत्र चॅपमन यांनी याच दशकात यशस्वी केले आणि १९७८ चे जेतेपद त्यावर मिळवले.

शेवटची वर्षे डीलोरियन प्रकरणाने झाकोळली. ब्रिटिश सरकारच्या पैशावर उत्तर आयर्लंडमध्ये उभ्या राहिलेल्या या मोटार प्रकल्पाचे अभियांत्रिकी काम लोटसकडे होते आणि त्यासाठीचे लाखो पौंड पनामात नोंदलेल्या एका कंपनीमार्फत वळते झाल्याचे उघड झाले. चौकशीचा फेरा जवळ येत असतानाच १६ डिसेंबर १९८२ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने चॅपमन यांचे निधन झाले. ते ५४ वर्षांचे होते. लोटसचे वित्तप्रमुख फ्रेड बुशेल यांना या प्रकरणी १९९२ मध्ये शिक्षा झाली.

चॅपमन यांनी घडवलेली पहिली मोटार ‘ओएक्स ९२९२’ १९५० मध्ये जाहिरात देऊन विकली गेली होती. पुढे तिचा माग लागला नाही. २०१८ मध्ये लोटसला ७० वर्षे झाली, तेव्हा चॅपमन यांचे पुत्र क्लाइव्ह आणि कंपनी यांनी ब्रिटनमधील जुन्या गाड्यांच्या शौकिनांना आवाहन केले की, आपापली गॅरेजे, कोठारे आणि पडव्या एकदा तपासून पाहाव्यात.