स्फोट सांभाळणारा माणूस

नोबेल म्हटलं की तुम्हाला पारितोषिकच आठवणार. पण स्वीडनच्या आल्फ्रेड नोबेलने उमेदीची वर्षं एका साध्या वाटणाऱ्या प्रश्नावर घालवली : नायट्रोग्लिसरीन सांभाळायचं कसं?

नायट्रोग्लिसरीन म्हणजे फिकट पिवळा, तेलासारखा द्रव. इटलीच्या आस्कानियो सोब्रेरोने तो १८४७ मध्ये पहिल्यांदा बनवला. ताकद बंदुकीच्या दारूपेक्षा कितीतरी जास्त, पण स्वभाव एकदम बेभरवशाचा. धक्का बसला किंवा जास्त तापलं, की खेळ खल्लास!

१८३३ मध्ये स्टॉकहोमला जन्मलेल्या आल्फ्रेडला डोंगर फोडायला हेच हवं होतं. ३ सप्टेंबर १८६४ रोजी त्यांची कारखान्याची शेड उडाली. मृतांमध्ये त्याचा धाकटा भाऊ एमिल होता. वय अवघं वीस, म्हणजे तुमच्याएवढंच. शहरात हा उद्योग करायला बंदी आली. तुम्ही काय केलं असतं? आल्फ्रेडने शहराबाहेर तलावातल्या एका तराफ्यावर काम सुरू ठेवलं. १८६६ मध्ये जर्मनीतला त्याचा कारखानाही उडाला.

अखेर उत्तर मातीत सापडलं. कीझेलगुर ही सूक्ष्म शैवालांच्या कवचांची सच्छिद्र माती. तीन भाग तेल, एक भाग माती, की कणकेसारखा गोळा तयार. त्याच्या कांड्या वळता येतात आणि त्या बऱ्याच निर्धोकपणे नेता येतात. हेच १८६७ चं डायनामाइट. त्याचा स्फोट घडवायला डिटोनेटर लागतो. म्हणूनच नियम पक्का : कांड्या आणि डिटोनेटर एकाच कोठारात कधीच नाहीत. कोठार थंड, कोरडं हवं. जुन्या कांड्यांतून तेल पाझरायला लागलं की मूळचा धोका परत आलाच समजा.

डायनामाइटने आल्प्समधला गोटहार्ड बोगदा खोदायला मदत केली. ते युद्धातही वापरलं गेलं, हेही विसरायचं नाही.

गंमत बघा, उतारवयात हृदयाचं दुखणं लागलं तेव्हा डॉक्टरांनी आल्फ्रेडला औषध सुचवलं ते नायट्रोग्लिसरीनच! अगदी थोड्या मात्रेत ते रक्तवाहिन्या रुंदावतं. १० डिसेंबर १८९६ ला तो गेला. हे औषध शरीरात नायट्रिक ऑक्साइड तयार करून काम करतं. या वायूच्या शरीरातल्या कामाचा उलगडा करणाऱ्या तिघांना १९९८ मध्ये त्याच्याच नावाचं पारितोषिक मिळालं.

पुढच्या प्रॅक्टिकलला लेबल न वाचताच बाटली उचलावीशी वाटली, तर क्षणभर थांबा. एमिल आठवा.