धर्माला मुभा, राजकारणाला बंदी
६ जानेवारी १९२४ रोजी मुंबई सरकारने विनायक दामोदर सावरकरांची येरवड्याच्या कारागृहातून मुक्तता केली ती सशर्त. रत्नागिरी जिल्ह्याची हद्द ओलांडावयाची नाही आणि राजकारणात भाग घ्यावयाचा नाही, या अटींची मूळ मुदत पाच वर्षांची होती. ती वाढत वाढत १९३७ पर्यंत गेली. धर्म व समाजसुधारणा यांवर बोलण्यास मुभा होती. राजकारण तेवढे स्फोटक आणि धर्म निरुपद्रवी, असा हा सरकारी हिशेब!

या मुभेतूनच अस्पृश्यतेविरुद्धची व्याख्याने व सहभोजने झाली आणि भागोजीशेठ कीर यांनी बांधलेले पतितपावन मंदिर १९३१ साली सर्व हिंदूंना खुले झाले. शुद्धीचा प्रचारही त्याच मुभेत बसला. मुसलमान शेजाऱ्यांना तो निरुपद्रवी वाटण्याचे कारण नव्हते. १९२५ साली कोहाटच्या दंगलीवरील लेखाबद्दल मात्र सरकारने जाब विचारला. धर्म कोठे संपतो व राजकारण कोठे सुरू होते, हे ठरविणारे सरकारच. १९२७ साली आलेल्या २९५-अ कलमाखाली धर्मभावना दुखावण्याचा दुष्ट हेतू निदान न्यायालयात सिद्ध करावा लागे. रत्नागिरीत सरकारवर तो भार कधी पडलाच नाही. मे १९३७ मध्ये बंधने उठली, तीही नव्या प्रांतिक मंत्रिमंडळाच्या निर्णयाने.