जावजी दादाजी चौधरी

आमच्या पिंप्राळ्यास आषाढी एकादशीला रथ निघतो. त्याच्या पत्रकावरील मोठ्या मथळ्याचें अक्षर कोठें जाड, कोठें केसासारखें बारीक आणि किंचित् तिरपें असलें, म्हणजे वाचण्यापूर्वींच डोळ्यांस समाधान होतें. रोमन लिपींतील तिरप्या अक्षरांत संपूर्ण पुस्तक व्हेनिसच्या आल्डस मनुशियस यानें १५०१ सालीं छापलें, हें प्रसिद्ध आहे. परंतु आपल्या देवनागरीस छापखान्यांत डौल ज्यांनीं आणिला, त्यांचें नांव आम्हां विद्यार्थ्यांस क्वचितच ठाऊक असतें. म्हणून जावजी दादाजी यांचें चरित्र येथें थोडक्यांत देत आहों.

जावजींचा जन्म १८३९ सालीं मुंबईस झाला. घरची अत्यंत गरिबी. त्यांत वडील लवकर वारले. ज्या वयांत आम्ही पाटी-दप्तर घेऊन शाळेंत जातों, त्या वयांत हा मुलगा अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत दरमहा दोन रुपयांवर टाइप घासूं लागला. काम हलकें, पण नजर मात्र तीक्ष्ण लागे. ओतून निघालेल्या खिळ्याची कड अधिक घासली, तर तो ओळींत वांकडा बसतो. याच छापखान्यासाठीं थॉमस ग्रॅहॅम यांनीं देवनागरीचे टाइप तयार केले होते. ही विद्या जावजींनीं पुस्तकांतून नव्हे, हातांनीं मिळविली.

पुढें कांहीं छापखान्यांत नोकरी करून १८६४ सालीं त्यांनीं टाइप ओतण्याचा स्वतःचा कारखाना काढला. राणोजी रावजी आरू हे कुशल कारागीर त्यांस सहकारी लाभले. पोलादाच्या टोकावर उलटें अक्षर कोरावयाचें, तें तांब्यावर ठोकून सांचा करावयाचा आणि त्यांत शिशाचा रस ओतावयाचा, अशी ती कृति. बोरूच्या तिरप्या टांकानें जाड व बारीक रेघा सहज उमटतात. धातूंत त्या साधणें कठीण. रेघ फार बारीक ठेवावी तर ती दाबाखालीं मोडते, जाड ठेवावी तर अक्षराचें सौंदर्य जातें. त्यांतून जोडाक्षरांमुळें खिळे शेंकड्यांनीं लागतात. हें सर्व संभाळून राणोजींनीं अक्षरें कोरलीं, आणि जावजींनीं त्यांत आपली पुंजी घातली.

१८६९ सालीं जावजींनीं निर्णयसागर छापखाना स्थापिला. शुद्ध आणि सुबक छपाई ही त्याची ओळख झाली. १८८६ पासून निघालेल्या काव्यमालेनें अनेक संस्कृत ग्रंथ विद्वानांच्या हातीं दिले. ता. ५ एप्रिल १८९२ रोजीं जावजी निवर्तले. त्यांचे पुत्र तुकाराम यांनीं कार्य पुढें चालविलें.

आज अक्षरें संगणकावर जुळतात आणि शिशाचे खिळे बहुतेक ठिकाणीं अडगळींत पडले आहेत. तथापि पुढील रथाचें पत्रक हातीं येईल तेव्हां त्यांतील बारीक रेघेकडे आम्ही क्षणभर अधिक पाहूं. दोन रुपयांवर टाइप घासणाऱ्या मुलानें आपलें काम क्षुद्र मानलें असतें, तर त्या रेघेची परंपरा आपणांस इतकी समृद्ध लाभली नसती.