जॉन हंटर, हिरडीची सूज आणि तुमचं इम्प्लांट

इम्प्लांट बसवल्यावर हिरडी सुजली की तुम्ही घाबरता. ही सूज कधी चांगली आणि कधी वाईट, हे समजायला जॉन हंटर या ब्रिटिश सर्जनचं आयुष्य उपयोगी पडेल.

हंटर यांचा जन्म 1728 मध्ये स्कॉटलंडमध्ये झाला. शाळेत त्यांचं मन रमलं नाही. 1748 मध्ये ते लंडनला मोठ्या भावाकडे गेले आणि शवविच्छेदन शिकले. पुढे सैन्यात सर्जन असताना त्यांनी गोळ्यांच्या कितीतरी जखमा पाहिल्या. सूज हा स्वतंत्र आजार नसून इजेला शरीराने दिलेलं उत्तर आहे, असं मत त्यांनी मांडलं.

युद्धावरून परतल्यावर ते दातांकडे वळले. माणसाचा दात त्यांनी कोंबड्याच्या तुऱ्यात रोवून पाहिला. 1771 मध्ये दातांवरचं त्यांचं पुस्तक आलं. त्यांच्या नावामुळे गरिबांचे दात काढून श्रीमंतांच्या तोंडात बसवण्याच्या प्रथेला बळ मिळालं. ते दात फार काळ टिकत नसत आणि त्यांच्यासोबत आजारही पसरत. ती प्रथा पुढे बंद पडली. हंटर 1793 मध्ये वारले. सुजेवरचा त्यांचा ग्रंथ 1794 मध्ये, त्यांच्या मागे प्रसिद्ध झाला.

आजचं इम्प्लांट बहुधा टायटॅनियमचं असतं आणि ते हाडाशी घट्ट जुळतं. हिरडीचं मात्र तसं नाही. खऱ्या दाताच्या मुळात हिरडीचे धागे रुतलेले असतात. इम्प्लांटभोवती ती नुसती बिलगून बसते. त्यामुळे तिथे जंतूंना आत शिरणं सोपं जातं.

पहिले दोन-तीन दिवस सूज वाढून मग ओसरली, तर ती हंटर यांनी सांगितलेली भरून येणारी सूज. पण त्यानंतरही ती वाढत गेली, पू किंवा ताप आला, इम्प्लांट हललं किंवा काही महिन्यांनी ब्रश करताना तिथून रक्त आलं, तर दुखत नसलं तरी डेंटिस्टकडे जा. घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या मनाने घेऊ नका. सूज हिरडीपुरती असेल तर नीट सफाईने सहसा बरी होते. झिजलेलं हाड सहजासहजी परत येत नाही. तंबाखू आणि मिश्री सोडा, मधुमेह असेल तर साखर आटोक्यात ठेवा.